धार नावाचा ग्रुप

कुकरची शिटी. मग बाईचा आवाज, जरा थांबून, जणू शिटीला आधी बोलू दिलं.

देवासच्या टेकरीवर देवी दोन. एक थोरली, एक धाकटी.

"सरकार आंघोळीला गेलेत."

कैरी, अजून बाठ न धरलेली.

फाइल आहे. फाइल उघडत नाही. फाइल आहे.

आतापर्यंत ऐकलं : ० जणांनी.

*

यातली शेवटची ओळ इंदिराबाईंनी दीड वर्ष वाचली. दर शुक्रवारी त्यांचं रेकॉर्डिंग गावातल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर चढायचं आणि शनिवारी दुपारी, जेवणं आटोपली की, त्या चष्मा लावून ते पान उघडायच्या. आकडा बघायच्या. चष्मा काढून घडी करून ठेवायच्या. कोणाला काही बोलायच्या नाहीत.

त्या काय सांगायच्या? ओटी कशी भरायची. हळदीला कोणी कोणाला आधी लावायची. नणंदेच्या नवऱ्याला काय म्हणायचं आणि त्याच्या आईला काय. हदग्याची गाणी, पुरणाची कणीक, मुंजीत मामाचा मान. घरातली आणि भोवतालची मुलं सगळी हिंदी शाळांतून शिकलेली. मराठी ऐकली की कळायची, कागदावर दिली की ओळीवरून बोट फिरवत बसायची. म्हणून मंडळाने म्हटलं, लिहू नका, बोला. वीरेंद्रने, त्यांच्या धाकट्या मुलाने, माइक आणून दिला. इंदिराबाई स्वयंपाकघरात बसून बोलायला लागल्या, कारण बोलायच्या गोष्टी तिथेच आठवत.

चैत्रगौर बसायला आठवडा राहिला तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारली.

"स्वप्नाली, हा माइक वीरेंद्रला देऊन टाक."

"आईसाहेब, गौरीचं राहिलंय ना? चैत्रांगण कसं काढायचं ते सांगणार होता."

"ज्यांना काढायचं त्या काढतील. भिंतीला किती दिवस सांगायचं?"

आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर स्वप्नालीला समजूत घालता आली असती.

*

दुसऱ्या दिवशी ती माहेरी धारला गेली, चुलतभावाच्या साखरपुड्याला. बॅगेत साडी, लॅपटॉप आणि तो माइक. माइक तिने वीरेंद्रला दिला नव्हता.

स्वप्नालीचं कामच वेबसाइटचं. इंदूरच्या एका कंपनीसाठी ती घरी बसून दुकानांच्या साइट चालत्या ठेवायची. मंडळाच्या साइटकडे मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. ती वीरेंद्रची. दिराने मांडलेल्या कामात वहिनीने न विचारता हात घालायचा नाही, असं त्या घरात कोणी सांगितलेलं नव्हतं आणि सगळे पाळत.

धारच्या घराच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांशेजारी बसून, तिने पहिल्यांदा सासूचं एक रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. मग पान पुन्हा उघडलं.

ऐकलं : ० जणांनी.

ती तर आत्ता ऐकून उठली होती.

*

वीरेंद्रकडून पासवर्ड आला. स्वप्नाली सर्व्हरवर शिरली आणि दहा मिनिटांत तिला कळलं ते असं.

साइटवर कोणी काही उघडलं, ऐकलं, की सर्व्हर एका फाइलमध्ये ओळ लिहितो. त्या फाइलला लॉग म्हणतात. वीरेंद्रची स्क्रिप्ट, म्हणजे त्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, तो लॉग वाचते, ओळी मोजते आणि आकडा पानावर लावते. लॉग होता. ओळी होत्या. पण प्रत्येक फाइल येणाऱ्याला विचारते : तू माझा मालक? नाही? मग माझ्या ग्रुपमधला? तोही नाही? मग तू इतर.

लॉगची मालक होती थोरली. स्क्रिप्ट चालायची धाकटीच्या नावाने.

इतर. वाचा : नाही.

हे असं का, ते देवासच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू एकाची, ती दुसऱ्याची. राज्यं गेली. पातींमधल्या घरांतले लोक बँकेत, कॉलेजात, दुकानांत गेले, एकमेकांच्या लग्नांत पंगतीला बसू लागले, एक मंडळ काढून उत्सव एकत्र करू लागले. वेबसाइट काढायची ठरली तेव्हा सर्व्हर एकच घ्यायचा हे चहा यायच्या आत ठरलं. त्याची किल्ली कोणाकडे, हे ठरायला अख्खी दिवाळी गेली. शेवटी वाटणी झाली : सर्व्हर, त्याची राखण आणि लॉग थोरलीकडे; पानं आणि त्यांवरची सजावट धाकटीकडे. दोन खाती. एकाने दुसऱ्याच्या ग्रुपमध्ये जायचं नाही. म्हणजे कोणी कोणाच्या हाताखाली असल्यासारखं दिसणार नाही.

तंत्राच्या दृष्टीने यात चूक काही नव्हती.

चूक स्क्रिप्टमध्ये होती, आणि ती एकाच ओळीची. फाइल उघडली नाही तर शून्य दाखव.

*

"भावजी, ही ओळ तुम्ही लिहिलीत?"

"कौन सी? अच्छा, ती. हो."

"लॉग उघडत नव्हता हे माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवसापासून. वहिनीसाहेब, आधी मी बरोबर लिहिलं होतं. पानावर यायचं, 'लॉग वाचायची परवानगी नाही'. आपल्या धाकटीतल्या त्या अजेयने बघितलं ना, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, थोरलीवाले अब गिनने भी नहीं देंगे क्या, भिया. मग काय, संध्याकाळपर्यंत इकडून पाच मेसेज, तिकडून पाच. थोरलीच्या बापूंचा फोन आला. मी शून्य करून टाकलं. शून्यावर कोणी भांडत नाही."

"बापूंकडे परवानगी मागायची की."

"मागणारच होतो. रह गया."

"आणि तुमच्या आईसाहेब दर शनिवारी ते शून्य बघत होत्या."

फोनवर गाड्यांचे आवाज आले. वीरेंद्र दुकानाबाहेर येऊन उभा राहिला असावा.

"त्या आकडा बघतात?" तो म्हणाला. "मला वाटलं, त्या नुसत्या बोलतात."

"माइक परत केलाय त्यांनी."

"तो मेरे को क्यूं नहीं बोला किसी ने?"

"तुमच्या घरात कोण कोणाला सांगतं," स्वप्नाली म्हणाली.

*

तिने इंदिराबाईंना फोन केला नाही. खरा आकडा हातात येऊ दे, मग सांगू, असं तिने ठरवलं. ते तेव्हा तिला शहाणपणाचं वाटलं.

फोन केला तो मानसिंगरावांना. त्यांना दोन्ही पातींत बापू म्हणत. बँकेतून निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटरचे क्लास लावून शिकलेले, आणि थोरलीची किल्ली सांभाळणारे.

"बोला, धारवाल्या सूनबाई."

तिने सांगितलं. लॉग फक्त वाचू द्या.

"म्हणजे सगळ्यांना उघडा टाकू? ते मला एका ओळीत येतं. पण त्यात कोण कोणत्या पत्त्यावरून आलं ते असतं. उद्या तुमचं एखादं पान बिघडलं तर हे सगळं चव्हाट्यावर. आणि धाकटीची पानं बिघडतात."

"बिघडतात," स्वप्नालीने कबूल केलं.

ते तिने कबूल केलं म्हणून असेल, बापू विरघळले. तिचं काम होईपर्यंत म्हणून त्यांनी फाइल सगळ्यांना वाचायला उघडली. स्वप्नालीने स्क्रिप्ट चालवून पाहिली. शून्य.

पुन्हा फोन.

"बापू, फाइल उघडी आहे, पण ती ज्या फोल्डरात आहे त्यात धाकटीला शिरताच येत नाही. खोलीचं कुलूप काढलंत, अंगणाचं फाटक लावलेलंच आहे."

"मग दोन्ही एकदम का नाही सांगितलंत?"

"मला फाटकच लागलं पहिल्यांदा. त्याच्याबाहेर उभं राहून खोलीबद्दल बोलत होते."

बापू हसले. जेवून उठल्यावर करतो म्हणाले, आणि केलं. तोवर इकडे साखरपुड्याची माणसं आली, आणि लॅपटॉप कोणाच्या तरी शालूखाली गेला. सकाळी स्वप्नालीने उघडून पाहिलं.

शून्य.

रात्री सर्व्हर जुना लॉग घडी करून बाजूला ठेवतो आणि कोरा काढतो. कोरा जन्मतो तो जुन्याच नियमाने : मालक थोरली, इतरांना काही नाही. बापूंनी काल जे उघडलं होतं ते घडीत गेलं होतं. आणि घड्यांचंही असं, की काही आठवडे झाले की सर्व्हर त्या पुसून टाकतो. स्वप्नालीने सर्वांत जुनी घडी पाहिली. ती फाल्गुनातली होती. तिच्या मागचं, दीड वर्षातलं जवळजवळ सगळं, कोणी ऐकलं की नाही ऐकलं, ते आता कुठेच नव्हतं.

ती लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेली. पापड गोळा करायला आलेल्या काकूने विचारलं, "ऑफिसचं काही बिघडलं का गं?"

"ऑफिसचं नाही," ती म्हणाली.

*

देवासला परतल्यावर ती घरी जायच्या आधी बापूंकडे गेली. त्यांचं घर रस्त्याच्या पलीकडल्या अंगाला. बापूंनी पोह्यांवर शेव घातली, मग आणखी घातली.

"म्हणजे आता मी रोज सकाळी उठून दार उघडायचं, पुजाऱ्यासारखं?"

"नाही. एकदाच नियम बदलायचा. कोरा लॉग जन्मतानाच दोघांचा जन्मला पाहिजे."

तिने कागद न घेता, टेबलावरच्या शेवेच्या डब्यावर बोट ठेवून सांगितलं. मालक थोरलीच राहील. बाहेरच्यांना पूर्ण बंद, तुम्हाला हवं तसं. मधली जागा जी आहे, ग्रुपची, ती आपण वापरलेलीच नाही. एक नवा ग्रुप करू. लॉग आणि फोल्डर त्याच्या नावावर. धाकटीची स्क्रिप्ट त्यात. तिला वाचता येईल, लिहिता येणार नाही.

"लिहिता येणार नाही, हे चांगलं," बापू म्हणाले. "नाव काय द्यायचं?"

"संयुक्त?"

"त्यावर विचारतील, संयुक्त म्हणजे आधी कोण."

"देवास?"

"कोणतं देवास?"

तिने पोहे संपवले. बापू चष्म्यावरून तिच्याकडे बघत होते.

"तुम्ही लग्न होऊन आलात धाकटीत. पण आहात धारच्या. आम्हा दोघांपैकी कोणालाच धारबद्दल काही म्हणायचं नसतं. धार ठेवा."

आणि त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, ते टाइप केलं. फोल्डर त्या ग्रुपला दिलं. मग रात्रीच्या घडीच्या नियमात तेच नाव घातलं आणि आजचा लॉग, उरलेल्या जुन्या घड्या, सगळं त्याच नियमाने लावून टाकलं. 'इतर'समोरचं सगळं पुन्हा बंद केलं, आणि ते करताना त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"झालं," ते म्हणाले. "आणि इंदिराबाईंना एक निरोप द्या. मागची कुकरची शिटी तेवढी काढा म्हणावं. पुरणाच्या भागात तर बाई कमी आणि कुकर जास्त."

स्वप्नालीचा हात बॅगेच्या चेनवर थांबला. बापू स्क्रीनकडे बघत होते. तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

*

अजून एक पायरी उरली होती, आणि ती बापूंना सांगायची गरज नव्हती.

चालू असलेल्या स्क्रिप्टला ती नव्या ग्रुपमध्ये गेलीय हे कळत नाही. ती सुरू झाली तेव्हा जे होतं तेच धरून ती चालते. हक्क मिळालेला असतो, तिच्या नावावर लिहिलेलाही असतो, तरी ती फाटकापाशी जाऊन परत येत राहते आणि शून्य सांगत राहते. तिला बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. बाहेर जाऊन परत आत यायचं, तेव्हा कळतं.

हे फोनवरूनही करता आलं असतं, बापूंच्या जिन्यात उभं राहून. स्वप्नालीने फोन काढलाही. मग रस्ता ओलांडला.

आकडा चांगला निघाला तर आईसाहेबांना सांगायचं. असं ठरलं होतं. आणि शून्यच निघाला तर?

तर सांगायचं नाही. तर त्यांना सांगायचं, सर्व्हर बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय.

रस्त्याच्या मध्ये, एका टेम्पोला वाट देत उभं असताना, तिला कळलं की वीरेंद्रची ओळ तिने मनात जशीच्या तशी लिहून ठेवली होती. फक्त 'शून्य'च्या जागी 'बिघडलाय' होतं.

*

बाहेरगावाहून आलेल्या सुनेच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायची त्या घराची रीत. इंदिराबाईंनी पाणी घातलं, साखरपुड्याची चौकशी केली आणि पुन्हा किसणीशी जाऊन बसल्या. गौरीच्या डाळीसाठी कैरी किसायची होती. रेकॉर्डिंग सोडलं होतं, गौर सोडली नव्हती.

"आईसाहेब, तो आकडा खरा नव्हता."

"कुठला?"

"शून्य. त्या पानाला मोजताच येत नव्हतं. लॉग थोरलीकडे, आणि आपल्या स्क्रिप्टला तो बघायची परवानगी नाही. मला माहीत नाही असं म्हणायच्या ऐवजी ते शून्य म्हणत होतं."

किसणी थांबली नाही.

"असं लिहिलं कोणी?"

"ते..."

"वीरेंद्रने."

"भांडण नको म्हणून."

"हं," इंदिराबाई म्हणाल्या. "वडिलांवर गेलाय."

कैरीची एक फोड संपली, दुसरी घेतली.

"माझ्या आजोळी देवडीवर एक शिपाई होता. कोणाला आत घ्यायचं नसलं की सांगायचा, सरकार आंघोळीला गेलेत. सकाळी आंघोळ, भर दुपारी आंघोळ, संध्याकाळी आंघोळ. आम्ही पोरी हसायचो, केवढे स्वच्छ सरकार म्हणून. जुन्या माणसांना कळायचं. ते वळून घरी जायचे. नवखे बिचारे उन्हात बसून राहायचे, आंघोळ आटोपायची वाट बघत." त्यांनी मनगटाने कपाळ पुसलं. "मी नवखी निघाले. मला वाटलं, शून्य म्हणजे शून्य."

"मागचं सगळं पुसलं गेलंय. फाल्गुनापासूनचं तेवढं आहे. ते किती आहे मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही अजून. शून्यही असेल."

"मग पाहिलं का नाहीस?"

"आधी तुम्हाला सांगायचं होतं."

इंदिराबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. सुनेकडे बघितलं, तिच्या ओल्या पायांकडे बघितलं.

"बघ आता," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर."

स्वप्नालीने तिथेच जमिनीवर बसून लॅपटॉप उघडला. स्क्रिप्ट बंद केली. सुरू केली. पान उघडलं.

"चार."

"चार माणसं?"

"चार वेगवेगळ्या ठिकाणांहून. त्यात एक मी आहे, धारहून."

"तू कशाला?"

"तपासायला. आणि मग पूर्ण ऐकलं."

"मग तीन."

"त्यात एक बापू असावेत. म्हणजे लॉगमध्ये नाव नसतं. पण त्यांनी निरोप दिलाय, शिटी काढा म्हणून."

"मानसिंगराव?" इंदिराबाईंनी पदराचं टोक खोचलं, सोडलं, पुन्हा खोचलं. "त्यांना सांग, शिटी राहील. पुरण शिजत असतं म्हणून मला पुरणाचं बोलता येतं. थोरलीकडे काय, कुकर मुका असतो?"

"सांगते."

"आणि उरलेले दोघं?"

"माहीत नाही, आईसाहेब."

"माहीत नाही," त्यांनी ते शब्द जरा तोंडात घोळवले. "त्या पानालाही हेच शिकव. कळत नसलं की कळत नाही म्हणावं. भांडले कोणी तर मी आहे."

स्वप्नालीने ती ओळ बदलली. शून्याच्या जागी दोन शब्द आले, आणि ते लिहायला एक क्षण पुरला.

"माइक कुठे आहे?" इंदिराबाईंनी विचारलं.

"माझ्या बॅगेत."

"दिला नाहीस ना त्याला?"

"नाही."

"बरं केलंस. हात धुऊन येते. तोवर वरणाची डाळ लाव गॅसवर, म्हणजे वेळ जायला नको."

"कुकरमध्ये?"

"मग कशात?"

*

चैत्रांगण अंगणात नाही, आधी मनात काढायचं, असं इंदिराबाईंनी सुरू केलं. पाटासमोर बसा. गेरूने सारवलेली जागा डोळ्यांपुढे आणा. वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र, आणि त्यांत भांडण नाही, दोघांनाही जागा सारखी. मग गौरीची पावलं. पावलं आत येणारी काढायची, बाहेर जाणारी नाही; पोरींची इथेच चूक होते. त्या हे सांगत असताना कुकरने जीव एकवटला, आणि त्यांनी बोट वर करून स्वप्नालीला गप्प बसायची खूण केली, जरी ती बोलत नव्हती. शिटी झाली. इंदिराबाई थांबल्या, तिला पूर्ण होऊ दिलं, आणि पुढे बोलू लागल्या.

दीड वर्षापूर्वी हदग्याच्या गाण्यांचं पहिलं रेकॉर्डिंग चढलं त्या आठवड्यात ते एकतीस जणांनी ऐकलं होतं; ते आता कोणाला कळायला मार्ग नव्हता.